अंगावर युनिफॉर्म चढवला म्हणजे गार्ड तयार झाला असं नसतंय

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी पेपरातल्या छोट्या जाहिराती बघत होतो, भाच्यासाठी काही सापडतंय का म्हणून, तर एकाखाली एक चार जाहिराती सारख्याच, सिक्युरिटी गार्ड पाहिजेत, शिक्षणाची अट नाही, अनुभवाची गरज नाही, आज भेटा आणि उद्यापासून कामावर या. भाचा म्हणाला, मामा हे बरं आहे की, लगेच लागतंय. मी त्याला तेव्हा काही बोललो नाही पण रात्री झोप लागेना म्हणून हे लिहायला बसलोय. मी ह्या लाईनमध्ये १९ वर्षं काढलीत, गार्ड म्हणून लागलो, हेडगार्ड झालो, आता कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहे, त्यामुळं जे लिहितोय ते अंगावर घेतलेलं आहे, ऐकीव नाही.

"उद्यापासून कामावर या" ह्यातच सगळी गोची आहे साहेब. कायद्याप्रमाणं उद्यापासून कामावर येताच येत नाही. २००५ साली संसदेनं खाजगी सुरक्षा एजन्सींसाठी कायदा केला, २००६ च्या मार्चपासून तो लागू आहे, आमच्या लाईनमध्ये त्याला पसारा कायदा म्हणतात. त्यात सरळ लिहिलंय की गार्ड १८ ते ६५ वयातला पाहिजे, भारताचा नागरिक पाहिजे, त्याची चारित्र्य पडताळणी झालेली पाहिजे, शरीरानं फिट पाहिजे आणि ठरलेलं ट्रेनिंग पूर्ण केलेलं पाहिजे. हे ट्रेनिंग किती, तर २००६ च्या केंद्राच्या मॉडेल नियमात आकडा दिलाय, १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर, म्हणजे एकूण १६० तास आणि ते पण कमीत कमी २० कामाच्या दिवसांत पसरून. फौजेतनं किंवा पोलिसातनं रिटायर झालेल्यांना सवलत आहे, त्यांना ४० तास वर्गात आणि १६ तास मैदानावर, सात दिवसांत. आता मला सांगा, आज भेटून उद्या उभा केलेल्या पोराचे हे १६० तास कधी झाले?

मी लागलो तेव्हा कायदा नवा कोरा होता आणि आम्हा कुणाला त्याचा पत्ताच नव्हता. तीन वेळा पोलीस भरतीला गेलो होतो, तिन्ही वेळा थोडक्यात हुकलं, वय निघून गेलं, घरी शेती दीड एकर, मग गावातल्या एकानं एजन्सीत नेलं. ऑफिसात एकानं उंची डोळ्यांनीच मोजली, दुसऱ्यानं पोत्यातनं एक शर्ट काढून दिला, त्याच्या खिशावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव शिवलेलं होतं, ते मी बायकोकडनं ब्लेडनं उसवून घेतलं. एक शिट्टी, एक काठी, एक बॅटरी. कुठल्यातरी कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या, त्यात एक सही ट्रेनिंग पूर्ण झाल्याची होती हे मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. त्याच रात्री दहा वाजता एका गोडाऊनच्या गेटवर एकटा उभा होतो. कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही, चोर आला तर काय करायचं, फोन कुणाला करायचा, काहीच माहीत नाही. सकाळी सहापर्यंत मी नुसता दर अर्ध्या तासानं शिट्टी वाजवत बसलो कारण तेवढंच येत होतं.

पण माझं निभावलं. एका पोराचं नाही निभावलं आणि ते मी विसरू शकत नाही.

दहा-बारा वर्षं झाली असतील ह्याला. मी तेव्हा दुसऱ्या एका कारखान्यात हेडगार्ड होतो, कुठला ते राहू दे, एजन्सी पण कुठली ते राहू दे. राधानगरीकडचं एक पोरगं, १९ वर्षांचं, कामावर येऊन तिसरा दिवस. रात्री अडीचच्या सुमाराला कॉम्प्रेसर रूममधल्या इलेक्ट्रिक पॅनेलमधनं धूर यायला लागला. पोरगं घाबरून पळून गेलं नाही हे आधी सांगतो, पोरगं धाडसी होतं, धावत गेलं, समोर नळ होता, बादली भरली आणि चालू पॅनेलवर पाणी फेकलं. जो भडका आला त्यात उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मी पळत पोचलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेलं आणि त्याच्या डोक्यापासनं दोन फुटांवर, भिंतीला, सीओटूचा, म्हणजे आग विझवायच्या गॅसचा, सिलिंडर टांगलेला. सील पण तुटलेलं नाही. त्याला माहीतच नव्हतं की तो सिलिंडर नेमका त्याच आगीसाठी तिथं लावलाय, पिन ओढायची, भोंगा आगीच्या बुडाकडं धरायचा आणि दांडी दाबायची, एवढंच. सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या आपल्या थोरल्या सरकारी दवाखान्यात, नेताना गाडीत त्यानं मला विचारलं, "दादा, माझं काय चुकलं ओ?" मी काय सांगणार. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, आगीवर पाणी टाकायचं हे त्याला लहानपणापासनं माहीत होतं, विजेच्या आगीवर टाकायचं नाही हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगतो, त्या दिवसापर्यंत मी पण त्या सिलिंडरच्या शेजारनं रोज चार राउंड मारत होतो, त्याच्यावर काय लिहिलंय ते मी सुद्धा एकदाही वाचलेलं नव्हतं. त्याचा ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, नंबर पण काढलेला नव्हता, बिल घरच्यांनी म्हैस विकून भरलं. पोरगं परत कामावर आलं नाही.

त्यानंतर मी स्वतः शिकायचं ठरवलं, एका निवृत्त सुभेदार साहेबांच्या मागं लागून त्यांच्याकडनं फायर, फर्स्ट एड, ड्रिल, सगळं शिकलो, पुढं रीतसर कोर्स केला. तेव्हा कळलं की त्या १६० तासांत किती काय काय भरलंय. लोकांना वाटतंय ट्रेनिंग म्हणजे डावा-उजवा आणि सॅल्यूट. सिलॅबसमध्ये आग विझवणं आहे, प्रथमोपचार आहे, गर्दी हाताळणं आहे, ओळखपत्रं तपासणं आहे, संशयास्पद वस्तू आणि बॉम्ब कसा ओळखायचा ते आहे, आपत्ती आली तर काय करायचं ते आहे, एफआयआर कशी नोंदवतात, स्वसंरक्षणाचा हक्क कुठपर्यंत, शस्त्र कायद्यातली कामाची कलमं, पोलीस आणि फौजेतले हुद्दे खांद्यावरच्या फितीवरनं ओळखणं, अलार्म आणि तपासणीची मशीन चालवणं, सगळं आहे. इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता आले पाहिजेत असंही आहे, कारण गाडीचा नंबर, आयकार्ड, चलन, गेटपास हे सगळं वाचायचंच काम आहे. शरीराचं म्हणाल तर पुरुषाला उंची १६० सेंटीमीटर, बाईला १५०, एक किलोमीटर सहा मिनिटांत पळता आलं पाहिजे, रंग ओळखता आले पाहिजेत.

आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या पोरांना एक किलोमीटर सहा मिनिटांत म्हणजे काहीच नाही. पहाटे पाचला कुठल्याही गावाच्या रस्त्यावर जाऊन बघा, कागल घ्या, भुदरगड घ्या, पन्हाळा घ्या, पोरं पळत असतात. पोलीस भरतीची १६०० मीटर डोळ्यासमोर ठेवून पळतात, गोळाफेक करतात, तालमीत जोर-बैठका मारतात, काहीजणी मुली पण आता पळतात, ८०० मीटरची तयारी करतात. पाच-पाच सहा-सहा वर्षं ही पोरं अंग झिजवतात. जागा थोड्या आणि पोरं हजारो, अर्ध्या मार्कानं हुकतात. मग त्यातलीच कितीतरी पोरं आमच्याकडं येतात आणि घरात, मित्रांत मान खाली घालून सांगतात की काही नाही, सिक्युरिटीत लागलोय. मला ह्याचं लई वाईट वाटतंय. इतकी कमावलेली पोरं आम्हाला मिळतात, शिस्त अंगात आहे, दम आहे, आणि आपण त्यांना काय देतो तर एक काठी आणि प्लास्टिकची खुर्ची. त्यांना ते २० दिवस नीट द्या, मग बघा ती काय करून दाखवतात.

गेटवरचं काम सोपं वाटतंय बघणाऱ्याला. माझ्याकडचा एक प्रसंग सांगतो म्हणजे पटेल. फौंड्रीत वापरून झालेली काळी वाळू ट्रॉलीतनं बाहेर टाकायला जाती, रोजचंच आहे, ट्रॅक्टरवाला पण ओळखीचा असतो, गार्ड हात करतो आणि गेट उघडतो. माझ्याकडं एक नवीन पोरगं होतं, त्याला आठ दिवस मी गेटवर शेजारी उभं करून शिकवलं होतं की प्रत्येक ट्रॉलीचं आधी टायर बघायचं, मग वाळूत चार ठिकाणी गज घालायचा, ओळखीचा असला तरी घालायचा. एका संध्याकाळी त्यानं बघितलं की ट्रॉलीचं मागचं डावं टायर उजव्यापेक्षा जास्त दबलंय. गज घातला, तिसऱ्या ठिकाणी खण्ण वाजलं. आता इथं ट्रेनिंग नसलेला गार्ड काय करतो, तर आरडाओरडा, कॉलर धरणं, दोन ठेवून देणं. ह्या पोरानं काय केलं, गेटची कडी लावली, ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला मामा जरा किल्ली द्या, काट्यावर परत घ्यायचंय, मला फोन केला, पाळीतल्या दोन माणसांना साक्षीला बोलावलं, वहीत वेळ, ट्रॅक्टरचा नंबर, गेटपासचा नंबर लिहिला आणि मग वाळू उकरायला लावली. खाली कास्टिंगचे नग निघाले. एक शिवी नाही, एक धक्का नाही, आणि कागद इतका पक्का की पुढं कुणाला पलटी मारता आली नाही. त्या दिवशी मालक खाली गेटवर येऊन त्याच्या हातात हात देऊन गेले.

मारहाणीचं मुद्दाम बोलतोय कारण ह्यात आमची पोरं लई अडकतात. चोर सापडला की चार जण मिळून त्याला झोडपतात, मग तो दवाखान्यात जातो आणि केस गार्डवर होती. चोर जामिनावर बाहेर आणि गार्डची पोलीस भरतीची, फौजेची, सगळीच वाट बंद. कायदा काय सांगतोय, १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आलेत, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलाय, पण तो अंगावर आलेला हल्ला परतवायला लागेल तेवढाच, माणूस पकडून बसवल्यावर त्याला मारायला नाही. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे की तुमच्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर साधा नागरिक पण त्या माणसाला धरू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायला पाहिजे. गार्डला पोलिसाचे अधिकार नसतात, साध्या नागरिकाला जे आहेत तेच असतात. हे एक वाक्य जर प्रत्येक गार्डला पहिल्या दिवशी सांगितलं तर कितीतरी पोरांची आयुष्यं वाचतील. पोलिसासारखा किंवा मिलिटरीसारखा दिसणारा युनिफॉर्म घालणं हा पण पसारा कायद्यात गुन्हा आहे, तरी काही ठिकाणी सरळ खाकी नाहीतर कमांडोवाला ड्रेस देतात आणि पोरांना पण तो घालून फोटो टाकायला बरं वाटतंय.

गर्दीचं तर आपल्या कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती काय गर्दी असती ते आपण सगळे बघतोय. ज्या वर्षी हा कायदा झाला त्याच वर्षी, २५ जानेवारी २००५ ला, शेजारच्या सातारा जिल्ह्यात मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळपास ३०० माणसं गेली. गर्दीत माणूस एकदा पडला की मागनं येणाऱ्याला ते दिसत नसतंय, म्हणून गर्दी थांबवायची नसती, चालती ठेवायची असती, यायची वाट वेगळी आणि जायची वेगळी, गेट एकदम लावायचं नाही, एकदम उघडायचं नाही, आणि ओरडून तर अजिबात घाबरवायचं नाही. शिट्टी कधी वाजवायची ह्याच्यापेक्षा कधी वाजवायची नाही हे शिकवावं लागतंय. सणाच्या चार दिवसांसाठी रोजंदारीवर पोरं उभी करतात, कुठल्या का कार्यक्रमाला असू दे, त्यांना एक तास तरी हे कुणी सांगतंय का, मला शंका आहे.

आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ हे आता शाळेतल्या पोराला पण पाठ झालंय. त्या वेळी रमणमळ्याच्या बाजूच्या एका अपार्टमेंटमध्ये माझ्या ओळखीचे एक वॉचमन मामा होते, नदीकाठच्या गावातले, पाण्याचा अंदाज रक्तातच. पार्किंगमध्ये पाणी शिरायच्या आधी रात्री दीडला त्यांनी एकेक बेल वाजवून गाड्या काढायला लावल्या, लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद केली, मेन स्विच पाडला, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना आणि त्यांच्या औषधाच्या पिशवीला जिन्यानं खाली आणून आजींच्या भाच्याच्या गाडीत बसवलं आणि मग स्वतः निघाले. त्यांना हे कुठल्या कोर्सनं शिकवलं नव्हतं. पण सगळ्याच गार्डना नदी माहीत नसती, काही लातूरकडनं आलेत, काही बिहारमधनं आलेत, त्यांना हे शिकवावंच लागणार.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा आम्ही ड्युटी संपवून खासबागेच्या बाजूला जाऊन उभे होतो, गर्दीत अनेकजण रडत होते. अशी आग एकदा वाढली की गार्डच्या हातात काही राहत नाही, १०१ ला फोन आणि लोकांना लांब ठेवणं एवढंच. गार्डचं काम असतंय ते पहिल्या दोन-तीन मिनिटांतलं, कचऱ्याच्या डब्याएवढी आग असताना. ती दोन मिनिटं ज्याला येतात तो खरा गार्ड. तसंच प्रथमोपचाराचं, माणूस अचानक कोसळला, श्वास नाही, तर १०८ ला फोन करून छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबायचं. ह्याला पण सीपीआर म्हणतात, आपल्या थोरल्या दवाखान्याचं नाव तेच असल्यानं पोरांना मी शिकवताना पहिल्यांदा हा गोंधळ काढून टाकतो, कारण एकदा एका पोराला मी विचारलं सीपीआर कधी द्यायचा तर म्हणालं देणार कशाला, सीपीआरला न्यायचं. चूक त्याची नाही.

आता एजन्सीवाल्यांची बाजू पण सांगतो, सगळे वाईट नाहीत. काहीजण मनापासून ट्रेनिंग देतात, त्यांची पोरं उभी राहिलेली लांबनं ओळखू येतात. पण त्यांचं कोटेशन चार पैशांनी जास्त असतंय आणि आपल्या सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये काय होतंय, दोन गार्डच्या बिलावर तासभर घासाघीस, १८ टक्के जीएसटी वर लागतोय म्हणून तो पण त्यातनंच कमी करा, आणि मग जो सगळ्यात स्वस्त त्याला काम. तो स्वस्तात कसा देतोय हे कुणी विचारत नाही. तो ट्रेनिंग गाळतो, पीएफ गाळतो, ईएसआय गाळतो आणि आठ तासांच्या जागी बारा तास उभा करतो, ते जादा चार तास दुप्पट दरानं द्यायचं तर सोडाच. बारा तास ड्युटी करून सायकलवरनं दहा किलोमीटर घरी जाणारा माणूस रात्री तीनला डुलकी घेणारच, मग आपणच त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. सोसायटीच्या चेअरमन-सेक्रेटरी लोकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, एजन्सीला फक्त दर विचारू नका. लायसन्स बघा, ते ५ वर्षांसाठी असतंय, तारीख बघा. प्रत्येक गार्डचं फोटो आयकार्ड बघा, ते देणं एजन्सीवर बंधनकारक आहे. पोलीस पडताळणी बघा, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट बघा, आणि सर्टिफिकेटवर भागलं नाही तर त्या गार्डला खाली पार्किंगमध्ये नेऊन फक्त विचारा की हा लाल सिलिंडर कसा वापरायचा, काट्याची सुई हिरव्यात आहे का बघ जरा. उत्तर लगेच कळतंय. विनालायसन्स एजन्सी चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायद्यात आहे.

पोरांना आणि आई-बापांना पण सांगायचंय. ही लाईन म्हणजे शेवटचा पर्याय असं समजून येऊ नका. नीट शिकून आला तर इथं वर जायची वाट आहे, गार्ड, हेडगार्ड, सुपरवायझर, मग सिक्युरिटी ऑफिसर, मोठ्या कंपनीत मॅनेजरपर्यंत माणसं गेलेली मी बघितलीत. मॉडेल नियमांप्रमाणं १५ गार्डमागं एक सुपरवायझर लागतोच, म्हणजे जागा आहेत, शिकलेला माणूस नाही. सीसीटीव्ही कंट्रोल रूम वेगळी, तिथं कॉम्प्युटर आणि रिपोर्ट लिहिता येणारी पोरं लागतात. फायरचा कोर्स केला की कारखान्यात मागणी आहे. एअरलाइनच्या सिक्युरिटीत जायचं तर अ‍ॅव्हसेकचा वेगळा कोर्स असतोय. बँकेच्या कॅश व्हॅनचं काम वेगळं, त्याचे नियम २०१८ साली आलेत, एका गाडीत ड्रायव्हर सोडून दोन हत्यारी गार्ड आणि शहरात रात्री ९ नंतर एटीएममध्ये पैसे भरायचे नाहीत, हे पण ठरवून दिलंय. मुलींसाठी तर कामं वाढतीच आहेत, दवाखाने, कॉलेज, मॉल, देवळं, बाईची झडती बाईनंच घ्यायची असती त्यामुळं त्यांच्याशिवाय चालतच नाही, फक्त त्यांना बसायला जागा आणि बाथरूम द्या एवढं तरी करा, आमच्या एमआयडीसीतल्या कितीतरी गेटवर अजून ते नाही.

पण मुलाखतीला गेलात की पहिला प्रश्न पगाराचा विचारू नका, दुसरा विचारा. पहिला विचारा की ट्रेनिंग कुठं, किती दिवस आणि शिकवणार कोण. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, मी केली होती. पीएफचा आणि ईएसआयचा नंबर महिन्याभरात हातात घ्या, तुमच्या पगारातनं ईएसआयचे पाऊण टक्का कापतात, मालकाचे सव्वातीन टक्के, त्याच्यावर घरच्या सगळ्यांचा दवाखाना होतो. त्या राधानगरीच्या पोराकडं तो एक नंबर असता तर म्हैस गोठ्यातच राहिली असती.

आणि एक मागणी, ती आपल्या पेपरातनं पुढं जावी म्हणून खास हे पत्र. जिल्ह्यात शिकवणारी माणसं कमी नाहीत साहेब. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, जिथं घराघरात फौजी, आणि तालुक्यातालुक्यात निवृत्त सुभेदार, हवालदार घरी बसून आहेत, फायर ब्रिगेडचे रिटायर्ड लोक आहेत, रिटायर्ड पीएसआय आहेत. आयटीआयची आवारं आहेत, सुट्टीत शाळांची मैदानं रिकामी असतात. एमआयडीसीच्या तिन्ही बाजूंनी, गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागल-हातकणंगले, कारखानदारांच्या संघटना आहेत. ह्या सगळ्यांनी मिळून जिल्ह्यात एक खरं ट्रेनिंग सेंटर चालवायला काय हरकत आहे, पूर्ण १६० तासांचं, हजेरी लागणारं, शेवटी परीक्षा घेणारं, आणि फी अशी की भरती हुकलेल्या शेतकऱ्याच्या पोराला परवडेल. किंवा फी कारखान्यांनी भरावी आणि पोरांनी वर्षभर तिथं काम करावं, असं पण करता येतंय. पालकमंत्री, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक साहेबांनी एक बैठक लावली तरी सुरुवात होईल.

तोपर्यंत मी माझ्यापरीनं गावातल्या तालमीच्या मागच्या मोकळ्या जागेत रविवारी सकाळी सात ते नऊ पोरांना शिकवतोय, पैसे घेत नाही. कंपनीतनं मुदत संपत आलेले सिलिंडर रिफिलला जायच्या आधी मागून आणतो, पत्र्याच्या डब्यात चिंध्या आणि थोडं डिझेल घालून पेटवतो आणि प्रत्येकाला स्वतःच्या हातानं विझवायला लावतो, कारण पिन ओढताना पहिल्यांदा हात थरथरतोच, तो इथं थरथरलेला बरा. भाचा त्या जाहिरातीतल्या नंबरवर फोन करणार होता, त्याला मी सांगितलंय की आधी चार रविवार इकडं ये मग काय ते ठरव. येत्या रविवारी तो धरून अकरा जण येणार आहेत, त्यात दोन मुली आहेत, आणि सिलिंडर चारच मिळालेत, अजून दोन-तीन कुठनं मिळतात का ते बघतोय.

आपला,
एक सिक्युरिटी सुपरवायझर,
उजळाईवाडी, ता. करवीर, जि. कोल्हापूर